कड्यांची फळी

लंकाबाईंनी दुकानात पाऊल टाकलं ते हसतमुखानं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यावरून शेवगावात लोकांनी असं उठवलं की म्हातारी राहुरीहून भांडायलाच आली होती. तसं काही नव्हतं. हातात पिशवी होती, पिशवीत भावासाठी घरच्या भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि मनात एकच मागणं होतं. शिमग्यापुरती कड्यांची फळी न्यायची, पाडव्याच्या आत आणून द्यायची.

लंकाबाईंचं माहेर गाठीवाल्यांचं. गाठी म्हणजे साखरेची पदकं ओवलेली माळ. होळीच्या दिवशी पोराच्या गळ्यात ती पडली की दिवसभर उतरायची नाही. खेळता खेळता एकेक पदक चाटायचं, दुसऱ्याच्या माळेला हळूच दात लावायचे. सांजेला होळीच्या धगीनं ती गळ्याला चिकटायची आणि मुंग्या अंथरुणापर्यंत माग काढत यायच्या. पाडव्याला तीच गाठी गुढीला, लिंबाच्या डहाळीशेजारी. त्यातूनही उरली तर चैत्रात उन्हातून आलेल्या माणसाला पाण्यात विरघळवून द्यायची. ही सगळी गोडी बाजारतळामागच्या त्यांच्या भट्टीतून निघायची. माघ सरला की भट्टी पेटे. साखरेचा पाक चढे, दूध टाकलं की मळी वर येई, ती काढली की पाक काचेसारखा दिसे. मग कढईच्या कडेला पळीनं घोटला की पांढरा होई आणि तो पांढरा झाला की दम धरायला सवड नसे. रात्रभर पाण्यात भिजवलेल्या सागवानी फळ्या तयार असत, त्यांच्यातल्या कोरीव खळग्यांवरून दोरा ताणलेला असे, आणि त्यावर पळी फिरे. फळीनं पोटभर पाणी प्यालेलं असलं की साखर तिला चिकटत नाही. फळी उलटी करून टकटक केली की माळ हातात.

पळी पुरुषाची, दोरा बाईचा. अशीच त्या घरात वाटणी होती. फक्त एका वेळी ती मोडायची. घरात लेकीला पहिलं मूल झालं की त्याच्या पहिल्या होळीला हारकडं जायचं, गळ्यात हार आणि मनगटात साखरेचं कडं. हार मामाचा, कडं आजीचं. आजीनं, म्हणजे पोराच्या आईच्या आईनं, कडं स्वतःच्या हातानं ओतायचं. हा रिवाज कुणी घातला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण कड्यांची फळी वेगळी होती, लहानशी, हातभर लांबीची, आणि तिच्यावर बारीक पाकळ्यांच्या चार चंद्रकोरी कोरलेल्या होत्या. चंद्रकोरीच्या दोन्ही टोकांना दोरा सुटे, तो मनगटावर बांधायचा.

लंकाबाईंच्या जयाची पहिली होळी होती तेव्हा त्यांच्या आईनं, बनुबाईंनी, अशी कडी ओतली होती. आता लग्नानंतर आठ वर्षांनी जयाला मुलगी झाली होती. ती बाळंतपणाला आलेली, अजून माहेरीच होती, होळी करून राहात्याला सासरी जाणार होती. म्हणजे या होळीला पळी लंकाबाईंच्या हातात येणार होती. लग्न होईपर्यंत त्या घरात त्यांनी दोराच धरला होता. पळी हातात यायची वेळ ही एकच, आणि तीही वय पासष्टीला टेकल्यावर.

म्हणून त्या हसतमुखानं आल्या.

दुकान नवं होतं. भावाच्या मुलानं, रविराजनं, जुनी भट्टी पाडून तिथं काचेच्या कपाटांचं मिठाईचं दुकान घातलं होतं. दारावर ‘राधाकृष्ण स्वीट्स’ अशी पाटी होती, राधाकृष्ण म्हणजे लंकाबाईंचे वडील. गल्ल्यावर भाऊ आप्पासाहेब बसले होते. पांढरा शर्ट, समोर पेढ्यांचा वजनकाटा.

“ये अक्का,” ते उठले. “कळवलं न्हाई व्हय? पोरगा आला असता स्टँडवर.”

“मी काय पाव्हनी हाय?” लंकाबाई म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवता ठेवता त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

भिंतीला निळा रंग होता. त्यावर वरून दिवे सोडले होते आणि त्या उजेडात फळ्या होत्या. आठही. ओळीनं, चार-चार स्क्रू मारून बसवलेल्या. आरशासारख्या चमकत होत्या. प्रत्येक खळग्यात दिव्याचा एकेक ठिपका उभा होता. फळ्यांच्या मधोमध मोठ्या अक्षरांत ‘आमचा वारसा’ आणि त्याखाली तीन फोटो होते. कै. राधाकृष्ण, आप्पासाहेब, रविराज.

एक मुलगी फळ्यांना पाठ करून मोबाईलवर स्वतःचा फोटो काढत होती.

“हे काय केलंय?” लंकाबाई म्हणाल्या.

रविराज आतून पुढं आला. पस्तिशीचा, बोलका, वाईट मुलगा नव्हता. त्यानं वाकून नमस्कार केला. “आत्या, आवडलं ना? नगरचा माणूस बोलावला होता खास. फळ्या नुसत्या माळ्यावर पडल्या होत्या, धूळ खात. आधी सगळ्या घासून घेतल्या, मग तीन हात वार्निश. पार खळग्यातसुद्धा ब्रश घातलाय. आता वाळवी म्हणू नका, ओल म्हणू नका...”

“वार्निश.”

“एक नंबरचं.”

“फळीला वार्निश लावलं?”

“चमक बघा की!”

लंकाबाई भिंतीजवळ गेल्या. कड्यांची फळी सगळ्यांत खाली, कोपऱ्यात होती. त्यांनी चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला. लाकूड लागलंच नाही. काच लागली. पाकळ्यांच्या कडा भरून आल्या होत्या, जखमेवर खपली धरावी तशा.

“आरं, ही पानी कुठनं पिनार आता?”

“पाणी कशाला, आत्या? शोपीस आहे.”

“मला न्यायची हाय. जयाच्या पोरीला कडं वतायचंय. मी न्यायला आले.”

रविराजनं वडिलांकडं पाहिलं. आप्पासाहेबांनी वजनकाट्याकडं पाहिलं.

“आत्या, असं करू,” रविराज समजुतीच्या सुरात म्हणाला, “मी तुम्हाला तयार हार देतो. मोठा, गुलाबी-पांढरा. आपल्याकडं आता सगळा माल नगरवरून येतो, एकदम पांढराफेक. कडं पाहिजे असेल तर त्यांना सांगून...”

“कडं आजीनं वतायचं असतं.”

“हो, पण आता कोण...”

“आप्पा, कडं कुनी वतायचं असतं?”

आप्पासाहेब म्हणाले, “अक्का, बस की आधी. च्या घे.”

“मी च्या प्याया न्हाई आले.”

मोबाईलवाली मुलगी फोटो काढायची थांबली होती. दोन गिऱ्हाइकं जिलेबीच्या कढईपाशी उभी होती, ती वळून पाहू लागली. लंकाबाईंना हे दिसत होतं आणि दिसत असूनही त्यांचा आवाज चढत होता. त्या पुन्हा भिंतीकडं वळल्या. या वेळी त्यांनी फोटोंखालची अक्षरं वाचली, बोट ठेवून, एकेक शब्द. तीन पिढ्यांची अखंड परंपरा.

“अखंड?” वडिलांच्या फोटोकडं बोट करून त्या म्हणाल्या. “दादा गेले तवा हा आप्पा कितीचा हुता? चड्डीचं नाडं बांधता येत नव्हतं ह्याला. मग मदली सगळी वरसं भट्टी कोन पेटवीत हुतं? भूत?”

त्यांनी फोटोंखालच्या अक्षरांवर बोट आपटलं.

“आईनं वतलंय. पदर खोचून, तोंडाला फडकं बांधून. बाजारातली मानसं म्हनायची, रांडमुंड बाई सनाची गाठी करती, घ्यावी का न्हाई. तरी घ्यायची. कारन आईसारखी गाठी नव्हती कुनाची. ती कुठंय ह्यात? एवढी भिंत हाय, एक फोटो बसला नसता?”

“आजीचा फोटो नव्हता चांगला,” रविराज म्हणाला. “होता तो लग्नातला, घोळक्यातला.”

“दादांचा तरी कुठं हुता? ह्यो काढून घेतलेला हाय चितारी लावून. त्याला फेटा बी नवा बांधलाय.”

जिलेबीपाशी कुणीतरी हसलं. रविराजचा चेहरा लाल झाला. मग तो जे बोलला ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच लंकाबाईंना ते पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

“आत्या, भट्टी बंद केली त्या वर्षी बाबांनी तुम्हाला फोन केला होता. आठवतंय? तुम्ही म्हणालात, बरं झालं, धुरानं डोळे जायची वेळ आली. तुमच्या घरात चार वर्षं गाठी राहुरीच्या बाजारातली येते. तुमच्या करणदादानंच सांगितलं मला. तेव्हा नाही आठवली फळी?”

लंकाबाई खरंच तसं म्हणाल्या होत्या. बाजारची गाठी आणून त्यांनीच गुढीला बांधली होती, आणि ती फुटल्यावर आत वाळूसारखी भुसभुशीत निघाली तेव्हा नातवंडांना गप्प खा म्हणून सांगितलंही होतं. म्हणूनच राग दुप्पट झाला.

“स्क्रू काढ,” त्या म्हणाल्या.

“आत्या...”

“काढ म्हनते ना. न्हाईतर मी काढते.” त्यांनी खरोखरच कनवटीचं नाणं काढून स्क्रूच्या खाचेत घातलं. नाणं सटकलं, बोट सोललं.

तेव्हा रविराजची बायको धनश्री आतून आली. ती इतका वेळ पडद्याआड उभी होती. तिच्या हातात पेचकस होता. “द्या काढून त्यांना,” ती नवऱ्याला म्हणाली. “नाहीतर आत्याबाई भिंतीसकट नेतील, आणि मग इंटिरियरवाला पुन्हा बोलवावा लागेल.”

रविराजनं चार स्क्रू काढले. निळ्या भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन राहिला. लंकाबाईंनी फळी पदराखाली घेतली. शेंगांची पिशवी तिथंच राहिली. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागं पाहिलं. आप्पासाहेब गल्ल्यामागं उभे होते, तोंड उघडं होतं, पण शब्द बाहेर येत नव्हता. लहानपणीही तो असाच उभा राहायचा. आईनं दोघांपैकी कुणाला मारलं तरी तोंड उघडं आणि आवाज नाही.

घोडेगावपर्यंत एसटीत त्या मनातल्या मनात भांडत होत्या. भावाशी, भाच्याशी, त्या नगरच्या रंगाऱ्याशी. घोडेगावच्या पुढं भांडण आईवर आलं. हात तिचाही स्वच्छ नव्हता. बनुबाईंनी स्वतः पळी धरली, लोकांची बोलणी खाल्ली. पण आप्पाला मिसरूड फुटताच त्याच्या हातात पळी दिली. लंका मोठी होती, पाकाची नाडी तिला कळत होती, घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं एकदाच मागितली होती. आई म्हणाली, तू परक्या घरची, तुला शिकवून पळी दुसऱ्याच्या कढईत जायची. नंतर म्हणाली, तुझ्या लेकीला पोर होऊ दे, मग वत की कडं, कोण नको म्हणतंय.

म्हणजे आईनंही सगळं त्या एका फळीवर ढकललं होतं. आणि ती फळी आता पदराखाली वार्निशच्या वासानं घमघमत होती.

घरी आल्या आल्या त्यांनी ती कोरीव अंग खाली करून पाण्यानं भरलेल्या टिपात तरंगत सोडली. सकाळी काढली. पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून गेलं. लाकूड आतून कोरडंच. मग विटेनं घासली. राखेनं घासली. सुनेनं, सुरेखानं, भांड्याची तारेची घासणी दिली, तिनं घासली. सपाट भागावरची चमक गेली, खळग्यातली गेली नाही. दुसरी रात्र पुन्हा तशीच टिपात.

“आई, मी नेवाशात बघून येऊ का दुसरी कुठं मिळते का?” करण म्हणाला. तो त्यांचा मुलगा, जयाचा भाऊ. हार त्याच्याकडून जाणार होता आणि तो त्यानं केव्हाच आणून ठेवला होता.

“दुसरी?” लंकाबाई म्हणाल्या. “तुला दुसरी आई बघू का नेवाशात?”

करण पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

होळी दोन दिवसांवर आली तेव्हा त्यांनी चुलीवर कढई चढवली. साखर, पाणी, दूध. मळी निघाली. आणि इथं एक गोष्ट कळली, जी त्यांना आधी कळायला हवी होती. पाक केव्हा होतो हे त्यांना पाहून ठाऊक होतं, हाताला ठाऊक नव्हतं. दोरा धरणारा माणूस कढईकडं बाजूनं पाहतो. पळी धरणारा वरून पाहतो. पहिला पाक त्यांनी जास्त ठेवला, तो तांबूस झाला. दुसरा जमला. दोरा ताणून धरायला सुरेखा बसली होती. लंकाबाईंनी पळी उचलली आणि चंद्रकोरी भरल्या.

गार झाल्यावर फळी उलटी करून टकटक केली. काही नाही. जोरात केली. काही नाही. सुरीचं टोक घालून उचकलं तेव्हा कडी तुकड्या-तुकड्यांनी आली आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला कांद्याच्या पापुद्र्यासारखी पिवळी साल चिकटली होती. वार्निश. वास असा, की खाटेवरून जया म्हणाली, “आई, हे बाळाच्या तोंडाजवळ नको हं आणू.”

“आनते मी! ईख घालायला आनते!” लंकाबाई ओरडल्या. बाळ दचकून रडायला लागलं. त्या फळी घेऊन अंगणात गेल्या आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून त्यांनी ती भिरकावली.

फळी गोठ्याच्या भिंतीवर आपटली आणि उपडी पडली. सुरेखानं थोड्या वेळापूर्वी सडा घातला होता, जमीन ओली होती, खड्ड्यात पाणी साचलेलं होतं. ते पाणी उडून फळीच्या पाठीवर पसरलं. लंकाबाई ओट्यावर बसून राहिल्या. दोन्ही हात मांडीवर. शिव्या संपल्या होत्या. आईला काय सांगायचं हा प्रश्न त्यांना पडला, आई जाऊन वीस वर्षं झाली असताना. ते आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

बऱ्याच वेळानं त्या फळी उचलायला गेल्या. जाळायला तरी होईल, परवाच्या होळीत. पाठ वर होती. पाठ काळी पडली होती. पाण्याचा थेंब नव्हता तिच्यावर. सगळं पाणी तिनं पिऊन टाकलं होतं.

लंकाबाईंनी बोट लावलं. गार, ओलसर, खरबरीत लाकूड. नगरच्या रंगाऱ्यानं ब्रश फिरवला तो फक्त लोकांना दिसणाऱ्या बाजूवर. जी बाजू भिंतीकडं जायची होती तिच्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

गोरक्षनाथ सुतार गावातच राहायचा. सत्तरीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि बोलण्यात कुणाला सोडायचा नाही. त्यानं फळी हातात घेऊन दोन्ही बाजू न्याहाळल्या.

“पुढनं नवरी, मागनं म्हातारी,” तो म्हणाला. “कुनी सजवली एवढी?”

“माझ्या भाच्यानं.”

“हुशार हाय. ह्याला आता टीव्हीखाली ठेव.”

“गोरक्षनाथा, गंमत करू नको. मागल्या अंगाला कोरून दे. अशीच चार कडी.”

“अशीच व्हायची न्हाईत. ज्यानं ही केली त्याचा हात बारीक हुता. माझं डोळं बघ कसं झालंय. पाकळी जाडी होईल.”

“होऊ दे.”

“आनि फळी पातळ हाय. दोन्ही बाजूंनी कोरली की मधी भोक पडंल. मला खळगा उथळ ठेवावा लागंल. कडं चपटं निघंल, भाकरीच्या कडंसारखं.”

“निघू दे.”

“मग लोकं म्हनतील गोरक्षनाथाला कोरता येत न्हाई.”

“लोकं मला दोन दिसांपास्नं म्हातारीला येड लागलं म्हनत्यात. तू माझ्याबरूबर उभा राह्य जरा.”

तो हसला आणि पटाशी शोधायला उठला.

होळीच्या दिवशी सकाळी फळी टिपातून काढली. जड झाली होती, दोन्ही हातांनी उचलावी लागली. लंकाबाईंनी न्हाणं उरकलं, पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं. जया खाटेवर बाळाला मांडीवर घेऊन बसली. सुरेखा पुरणात अडकली होती. चुलीवर पाक चढला आणि त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली.

आप्पासाहेब उतरले. हातात मिठाईचा मोठा खोका, बगलेत लंकाबाईंचीच शेंगांची पिशवी, तशीच, गाठसुद्धा न सोडलेली. ते अंगणातच घुटमळले.

“येऊ का, अक्का?”

“आलाच हाईस.”

ते आले. खोका ओट्यावर ठेवला. बाळाला पाहिलं, जयाच्या डोक्यावर हात ठेवला. मग चुलीशी आले. उलटी मांडलेली फळी, तिच्यावरची जाडजूड नवी कडी, खालून थोडी डोकावणारी चमकती जुनी बाजू, सगळं पाहिलं. पाकाला कड येत होता. त्यांची नजर तिथं गेली आणि चेहरा एकदम बदलला. गल्ल्यावरचा आप्पासाहेब गेला, भट्टीवरचा आप्पा आला.

“होत आलाय,” ते म्हणाले. “आन पळी. सरक, मी वततो. तुला न्हाई जमायचं, हात भाजंल.”

लंकाबाई वळल्या. जया पुढं नेहमी सांगायची की त्या क्षणी तिला वाटलं, आई ती गरम पळी मामाच्या डोक्यात घालते.

“काय म्हनलास?”

“अगं, तुझ्या भल्यासाठी...”

“दुकानात तोंडातनं शब्द फुटंना तुझ्या. पोरगं आईला भिंतीवरनं पुसून टाकतंय, तू वजनकाटा बघतोस. मी फळी मागते, तू च्या घे म्हनतोस. आनि आता पळी दिसली की बोलायला लागलास? आप्पा, हे कडं कुनाचं असतं?”

आप्पासाहेबांचं तोंड उघडं राहिलं.

“बोल! आज बोलल्याशिवाय सोडनार न्हाई. कुनाचं असतं?”

“आजीचं,” ते म्हणाले.

“मग तिकडं बस. दोरा धर.”

“मी?”

“तू. सुरेखाचं हात पुरनात हायेत. बस.”

आप्पासाहेब शेवगावातले प्रतिष्ठित व्यापारी होते. त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चुलीसमोर मांडी घातली. दोऱ्याचं रीळ घेतलं. आयुष्यभर त्यांच्या समोर कुणीतरी दोरा धरून बसलं होतं. आधी बहीण, मग बायको. तो कसा धरतात हे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांनी तो कोरडाच ताणला.

“वल्ला कर आधी. कोरडा दोरा साखर सोडतो.”

त्यांनी वाटीत बुडवला. टोक निसटलं. पुन्हा धरलं. चंद्रकोरीच्या मधोमध बसेना, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

“मामा, लहान मुलीसारखं खेळताय,” जया म्हणाली.

“तू गप गं. अवघड हाय हे.”

“आज कळलं?” लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी पाकाचा थेंब पाण्यात टाकला, बोटानं चिमटला, कढई उतरवली, कडेला पळीनं घोटायला सुरुवात केली. काचेसारखा पाक धुरकट झाला, मग दुधासारखा. आता सवड नव्हती. “ढिला सोडू नको. धर. धर म्हनते!”

पळी फिरली. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला थोडा कमी पडला. आप्पासाहेबांच्या बोटावर एक थेंब उडाला. ते हललेही नाहीत, फक्त ओठ आवळले, आणि दोरा ताणलेलाच राहिला.

साखर थिजेपर्यंत सगळे थांबले. मग लंकाबाईंनी फळी उचलून उलटी केली आणि पाटावर टकटक केली. कडी खाली आली. आपणहून. जाड पाकळ्यांची, चपटी, गोरक्षनाथानं सांगितली होती तशीच. एकाच्या टोकाचा टवका गेलेला. रंग पांढरा, अगदी पांढरा नव्हे, थोडा घरातला.

लंकाबाईंनी दोन चांगली निवडली आणि खाटेशी जाऊन बाळाच्या मनगटांवर दोरे बांधले. गळ्यात करणनं आणलेला हार पडला. बाळानं हात हलवला, थोडा वेळ त्या पांढऱ्या वस्तूकडं पाहिलं आणि ती सरळ तोंडात घातली. जया हसली. सुरेखा पुरणाचे हात तसेच घेऊन दारात आली.

आप्पासाहेब भाजलेलं बोट चोखत होते. “अक्का,” ते म्हणाले, “आईचं नाव टाकायला सांगतो पाटीवर. पोराला समजावतो.”

लंकाबाईंना वाटलं होतं हे ऐकल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. पाटीवर नाव म्हणजे पुन्हा भिंतच. त्याच निळ्या भिंतीवर आणखी एक चमकती गोष्ट, तिच्यापुढं उभं राहून पोरी फोटो काढणार. राग तसाच होता, छातीत घट्ट, आणि तो आता जावा असंही त्यांना वाटेना.

“पाटी राहू दे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या सात फळ्या काढ भिंतीवरच्या.”

“काढू? रविराज...”

“मागल्या अंगाला त्या बी कोऱ्या असतील. गोरक्षनाथाकडं आनून टाक. पाडव्याला मला शेवगावची गाठी पायजे गुढीला. आपल्या फळीची.”

“एवढ्यात कसं व्हईल? भट्टी कुठंय आता?”

“ही काय.” त्यांनी चुलीकडं बोट केलं. “एक फळी तरी व्हईल. एक माळ. आई एका माळेपास्नं सुरू झाली हुती.”

“पोराला काय सांगू?”

“सांग, आत्यानं सांगितलंय. न्हाई दिल्या तर आत्या पेचकस घिऊन येनार हाय, आनि धनश्री ह्या खेपेला बी आत्याच्याच बाजूनं उभी राह्यल, हे त्याला ठाऊक हाय.”

आप्पासाहेबांना हसू आलं, पण बहिणीच्या तोंडाकडं पाहून त्यांनी ते आवरलं. कढईत अजून दोन पळ्या पाक होता, कडेनं घट्ट व्हायला लागलेला.

“बसून काय राह्यलास?” लंकाबाई पळी उचलत म्हणाल्या. “गार व्हतंय. दोरा घे.”

आप्पासाहेबांनी भाजलेलं बोट शर्टाला पुसलं आणि दोरा वाटीत बुडवला.